नऊ मीटर आणि एक डोकं

मंगल कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीत पार्लरवाली पहाटे पाचलाच येऊन बसलेली असते. वरपक्षाकडे मात्र नऊ वाजेपर्यंत निवांत. कोणी दाढी करतंय, कोणी उपम्याची दुसरी बशी मागवतंय. मग एक माणूस भली मोठी कापडी पिशवी खांद्यावर टाकून आत येतो, प्लास्टिकची खुर्ची उजेडात ओढतो आणि विचारतो, "पहिलं कोण बसतंय?" इतका वेळ कपडे घालून तयार झालेल्या सगळ्या पुरुषांच्या त्या क्षणी लक्षात येतं, की आपण अजून तयार झालेलोच नाही.

हा फेटेवाला. नवरदेवाची शेरवानी तीन महिने आधी चार दुकानं पालथी घालून घेतलेली असते. बंदगळा शिंप्याने दोनदा सैल-घट्ट करून दिलेला असतो. सीमांतपूजनाचं, लग्नविधीचं, स्वागत समारंभाचं असं सगळं कपाटात टांगलेलं असतं. फेटा मात्र अजून अस्तित्वातच नसतो. पिशवीत असतं ते निव्वळ कापड, साधारण आठ-नऊ मीटर लांब आणि मीटरभर रुंद. त्याला शिवण नाही, काज नाही, माप नाही. दीड-दोन मिनिटांत ते या एका डोक्याचं होतं आणि संध्याकाळी पुन्हा नुसतं कापड. लग्नाच्या कपड्यांत माणसाच्या अंगावरच घडणाऱ्या थोड्याच वस्तू आता उरल्या आहेत, त्यामुळे कपड्यांच्या निवडीविषयी मला कोणी विचारलं तर मी वरून खाली सुरुवात करतो. आधी फेटा कोण बांधणार ते ठरवा, शेरवानीचं नंतर बघू.

बांधणी जवळून पाहावी. फेटेवाला आणि त्याचा जोडीदार समोरासमोर उभे राहून कापड ताणतात आणि मीटरभर रुंदी चुणत चुणत मुठीत मावेल एवढी करतात. एका टोकाला नीट चुण्या पाडून ते डोक्यावर उभं धरलं जातं, कधी बसणाऱ्याच्याच हातात दिलं जातं. याचा पुढे तुरा होणार. मग वेढे सुरू होतात. प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा बोटभर सरकलेला, कपाळावर तिरपा जाणारा, मध्येच हलका पीळ दिलेला. शेवटचं टोक मागे पाठीवर सोडलं की तो शेमला. यात बांधणाऱ्यागणिक फरक असतात आणि आपली रीत तीच खरी असं प्रत्येकजण मानतो. पण युक्ती सगळ्यांची एकच. फेटा गाठीने राहत नाही, दाबाने राहतो. वरचा वेढा खालच्याला धरतो आणि सुती कापडाचा खरखरीतपणा दोघांना धरतो. म्हणूनच चांगल्या मलमलीच्या फेट्याला टाचणी लागत नाही. झुळझुळीत कृत्रिम धाग्याच्या फेट्याला चार-पाच लागतात, आणि तरी वरातीत दोन गाणी झाली की तो कानावर येतो.

कापडाची निवड इथेच होऊन जाते. आपल्याकडची बरीच लग्नं वैशाखात, कार्यालयाचे पंखे फिरतात ते वारा देण्यापेक्षा अक्षता उडवायला. अशा वेळी सुती फेटा घ्यावा. किनखापी, जरीचा फेटा दुकानातल्या आरशात राजबिंडा दिसतो, पण त्याखाली चार तास बसायचं आहे, वर मुंडावळ्याही बांधायच्या आहेत. भरजरी शेरवानीवर भरजरी फेटा तर नकोच, मग माणूस कुठे संपतो आणि मंडप कुठे सुरू होतो ते कळत नाही. वरातीला सगळ्यांचे फेटे एका रंगाचे आणि नवरदेवाचा वेगळा, हा साधा नियम पुरेसा आहे.

रंगांच्या बाबतीत कोल्हापुरी फेट्याने राजस्थानकडून मुक्तहस्ते घेतलं आहे. बांधणीचे ठिपके, लहरियाचे तिरपे पट्टे तिकडचेच. तिकडच्या साफ्याची लांबी-रुंदीही आपल्या फेट्याच्या जवळपास. त्यांची पगडी मात्र निराळी, वीतभर रुंद आणि पंचवीस मीटरच्या आसपास लांब. दक्षिणेत म्हैसूरचा 'पेटा' सत्काराच्या शालीसोबत डोक्यावर चढतो, आणि नावावरूनच भाऊबंदकी ओळखू येते.

आपल्याकडे या एका अवयवासाठी शब्द किती! पागोटं, मुंडासं, पटका, रुमाल, साफा, फेटा, पगडी. पगडी यातली वेगळी. ती एकदाच बांधायची, टाके घालून पक्की करायची आणि पुढे टोपीसारखी काढायची-घालायची. ती बांधणारा कसबी कारागीर तो पगडबंद. शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरशाही वेगळी. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले यांच्या डोक्यावरची पुणेरी पगडी २००९ मध्ये भौगोलिक मानांकनापर्यंत पोचली. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून वाद पेटला. डोक्यावरचं कापड आपल्याकडे कधीच नुसतं कापड नव्हतं. मुंबईत घर भाड्याने घेताना मोजायची ती 'पगडी', गॅदरिंगला मित्रांच्या खोड्या काढायच्या ती 'शेलापागोटी', आणि शाहिरांचे सवाल-जवाब रंगायचे ते 'कलगी-तुरा'. कलगी आणि तुरा दोन्ही मुळात पागोट्यावरचे दागिने.

कोल्हापुरात फेट्याला आखाड्याची माती लागली आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मधलं. कुस्ती मारलेल्या पैलवानाला फेटा बांधायचा ही रीत त्या मातीतली, आणि आजही फेटा म्हटलं की कोल्हापुरी हे विशेषण आपसूक येतं. पैलवानाचा फेटा कमावलेला असतो. आपल्याला तो लग्नपत्रिकेबरोबर मिळतो.

किंवा मिळत नाही. फेटे किती आणि कोणाला, ही यादी आमच्याकडच्या लग्नांत आहेराच्या यादीइतकीच नाजूक असते. मामा, आत्याचे यजमान, थोरले व्याही, गावचे सरपंच. एखादे काका चहा प्यायला गेले आणि तेवढ्यात फेटे संपले तर पुढची दहा वर्षं ते निघतं. यात हसण्यासारखं खूप आहे, पण एक जुनी गोष्टही आहे. हुंड्यावरून अडलेलं लग्न पुढे जावं म्हणून मुलीच्या बापाने डोक्यावरचं पागोटं काढून व्याह्याच्या पायावर ठेवायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे मुलीकडच्यांनाही फेटे हवेतच, आणि त्याच रंगाचे, असा हट्ट हल्ली मुलीच धरतात तेव्हा मला बरं वाटतं. करवल्याही खुर्चीत बसतात. डोंबिवली, गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारीवर फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायकांनी हा रस्ता आधीच मोकळा केला होता. अंबाड्यावर फेटा बसवणं पुरुषाच्या चपट्या केसांपेक्षा सोपं, असं एका फेटेवाल्याने मला सांगितलं. वेढ्याला मागून टेकू मिळतो.

तयार फेट्याबद्दल मी निष्पक्ष नाही. माझ्या लग्नात मी तोच घेतला होता, टोपीवर चिकटवलेला, बावीस इंची. डोकं बावीस आणि तेवीसच्या मध्ये कुठेतरी होतं. बावीस घट्ट बसला, म्हणून ऐन वेळी तेवीस आणला. सप्तपदीच्या चौथ्या पावलाला तो भुवयांवर आला, आणि फोटोंत मी पुढची तीन पावलं अंदाजाने टाकताना दिसतो. सोय आहे, मान्य. परदेशातल्या लग्नाला बॅगेत घालून नेता येतो, बांधणारा शोधावा लागत नाही. पण दीड-दोन मिनिटं मान न हलवता दुसऱ्या माणसाच्या हातात डोकं द्यायचं, आणि उठताना नकळत पाठ ताठ झालेली असायची, हे बावीस इंचीत मिळत नाही.

उरलेल्या पोशाखाचं थोडक्यात. फेट्याखाली धोतर आणि जुन्या घाटाचा अंगरखा उत्तम. बाराबंदीला नावाप्रमाणे बारा बंद. ती अजून सणाला अंगावर चढताना पाहायची तर संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वरांच्या यात्रेत जावं, तिथे नंदीध्वज पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात. बंदगळ्यावर फेटा शोभतो, सुटावर ओढूनताणून. जाकिटावर टोपी पुरे. धार्मिक विधीला सोवळं-उपरणं असेल तर फेटा वरातीपुरता ठेवावा.

आणि फेट्याला फक्त मिरवायची वस्तू समजू नये. शेतातल्या म्हाताऱ्याचं मुंडासं म्हणजे टॉवेल, उशी, भाकरीचं फडकं. विहीर खोल असली तर लोटा सोडायचा दोरसुद्धा. तेराव्याला सोयरे दुखवट्याचा टॉवेल-टोपी घेऊन येतात तेव्हाही डोकंच झाकतात.

एका लग्नात संध्याकाळी पाचला फेटेवाले हिशेबाला आले. सत्तर आणलेले, भाड्याचे. लोकांनी खुर्च्यांच्या पाठीवर, जेवणाच्या टेबलावर, एकाने चक्क हारांच्या टोपलीत टाकलेले. जोडीदार मुलगा एक टोक धरून रिकाम्या हॉलमध्ये मागे मागे जात होता, फेटेवाले दुसऱ्या टोकाने घडी घालत येत होते. एकोणसत्तर भरले. विसाव्याच्या खोलीत पाहिलं, स्टेजमागे पाहिलं, घोड्यावाल्याला विचारलं. शेवटी सापडला तो फाटकाबाहेर. मुलीकडची जीप निघायच्या तयारीत होती आणि टपावरचं रुखवताचं कपाट, गाद्या आणि तांब्याचा हंडा नऊ मीटर भगव्या लहरियाने आवळून बांधले होते. फेटेवाल्यांनी एकदा गाठ ओढून पाहिली आणि राहू द्या म्हणाले.