कापसाचा बोळा दूर कसा फेकाल?

वर्गातल्या मुलांना कापसाचा छोटा बोळा द्या आणि जमेल तितक्या जोरात फेकायला सांगा. बोळा दोन-चार पावलांवरच पडेल. त्याचे वस्तुमान कमी आणि हवेचा विरोध जास्त. त्यामुळे हाताने दिलेला वेग लगेच संपतो.

पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासे धरणाऱ्यांपुढे हीच अडचण असते. या पद्धतीला फ्लाय फिशिंग म्हणतात. साइक्स यांनी १८३९ साली मुळा-मुठेतल्या ज्या महाशीर माशाला 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिले, तोही अशा माशीला फसतो. साध्या गळाला शिशाचे वजन लावतात आणि ते वजन दोरीला ओढत नेते. इथे मात्र माशी जवळजवळ बिनवजनाची आणि दोर जड. म्हणजे फेकायचा तो दोर. माशी त्याच्यामागून जाते.

हे कसे घडते? काठी वाढत्या वेगाने पुढे आणून एकदम थांबवली, तरी जडत्वामुळे दोर थांबत नाही. तो काठीच्या टोकावरून पुढे जातो आणि त्याचा आडवा वळसा तयार होतो. वळशाची खालची बाजू काठीला बांधलेली, म्हणून जवळजवळ स्थिर असते. वरची बाजू धावत असते. वळसा पुढे सरकतो, तसा धावणारा भाग आखूड होत जातो. ऊर्जा वाया गेली नाही असे मानले, तर धावणारे वस्तुमान निम्मे झाल्यावर वेग सुमारे १.४ पट होईल. प्रत्यक्षात हवा बरीच ऊर्जा खाते, तरीही शेवटचे टोक माशीला नेण्याइतके वेगात राहते. पोतराजाचा आसूड याच तत्त्वावर कडाडतो. आसूड टोकाकडे निमुळता असल्याने तिथला वेग ध्वनीच्या वेगापेक्षाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा जास्त होतो.

याचा सराव नदीवर न जाता शाळेच्या मैदानावरही करता येतो. दीड मीटरची लवचीक काठी घ्या. तिच्या टोकाला चार मीटर सुती दोरी बांधा आणि दोरीच्या शेवटी लोकरीचा गोंडा लावा. गळ मुळीच लावू नका. बाकीच्या मुलांना दहा पावले दूर उभे करा. आता तीन गोष्टी करून पाहा.

१. दोरी मागे फेकल्यावर मान वळवून तिच्याकडे पाहा. ती पूर्ण सरळ झाली की मगच काठी पुढे आणा. घाई केली तर दोरी आसुडासारखी फटकारते.

२. काठी हळू सुरू करा, वेग वाढवा आणि झटकन थांबवा. न थांबवता खाली नेली तर वळसा रुंद होतो आणि दोरी जवळच कोसळते.

३. काठीचे टोक शक्य तितक्या सरळ रेषेत न्या. वळसा अरुंद होईल आणि हवेचा विरोध कमी होईल.

दोरी पडली की मुले आणखी जोर लावतात. त्यांना अडवू नका. आधी जोर लावून, मग जोर कमी करून पण नीट थांबवून, असे पाच-पाच वेळा फेकू द्या आणि दर वेळचे अंतर मोजून तक्ता करायला सांगा. नंतर दोरीची लांबी दुप्पट करा. मागे थांबायचा वेळ तोच पुरतो का, हे त्यांनाच शोधू द्या.