पंचक्रोशी म्हणजे नेमके किती?

हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत ‘पंचक्रोशीतील समस्त ग्रामस्थांना आग्रहाचे निमंत्रण’ असते. गावांची यादी कुठेच नसते. तरी कोणी यायचे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

शब्दाची घडण सरळ आहे. पाच क्रोशांचा समूह तो पंचक्रोशी. पंचवटी, सप्तपदी यांच्यासारखाच हा द्विगू समास. क्रोश म्हणजे मुळात हाक. हाक पोचते तेवढे अंतर, तोच आपला कोस. त्याचे माप प्रांतोप्रांती बदलत असे, पण ढोबळमानाने तो दोन मैल, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास धरतात. त्या हिशेबाने गावापासून चहूकडे पंधरा किलोमीटर ही त्याची पंचक्रोशी.

आता हे क्षेत्रफळ काढून पाहा. पंधरा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे 700 चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राचे 3,07,713 चौरस किलोमीटर 358 तालुक्यांत वाटले, तर सरासरी एका तालुक्याला 860 येतात. म्हणजे शब्दशः घेतली तर पंचक्रोशी जवळजवळ तालुक्याएवढी होते. बोलताना मात्र एवढा मुलूख कोणाच्याच मनात नसतो. एका आठवडेबाजाराला येणारी, एकमेकांच्या जत्रेला जाणारी, सोयरिकीने बांधलेली दहा-वीस गावे, एवढाच खरा अर्थ. माझ्या मते शब्दाचे बळ इथेच आहे. तालुक्याची हद्द सरकार आखते. पंचक्रोशीची हद्द येण्याजाण्याने ठरते. शिवाय प्रत्येक गाव आपल्या पंचक्रोशीच्या मध्यभागी असते, त्यामुळे शेजारच्या दोन गावांच्या पंचक्रोश्या एकमेकींत शिरतात आणि त्यावरून कोणाचे भांडण होत नाही.

तीर्थक्षेत्रांत अर्थ थोडा बदलतो. काशीची पंचक्रोशी यात्रा ही सुमारे 80 किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे तिचे मुक्काम. तिथे पंचक्रोशीला ठरलेला मार्ग आहे आणि त्याच्या आतली भूमी पवित्र मानतात.

‘पंचक्रोशीत त्याच्यासारखा वैद्य नाही’ हे वाक्य गावाला शोभते. ‘मुंबईच्या पंचक्रोशीत’ मात्र कानाला खटकते. महानगराला ‘परिसर’ म्हणावे. कौतुक वाढवायचे असेल तर ‘दशक्रोशी’ही आहे. लिहिताना एक पथ्य जरूर पाळावे: नुसते ‘पंचक्रोशीत’ न लिहिता ती कोणत्या गावाची, हे आधी सांगावे. बाहेरच्या वाचकाला त्यावाचून काहीच कळत नाही.