वऱ्हाडात हिवाळी पक्षीनिरीक्षणाला जायचंय? तारीख ठरवण्याआधी तलावातलं पाणी बघा

दिवाळी आटोपली, पहाटेची थंडी पडायला लागली की अमरावती-अकोल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "या रविवारी पक्षी बघायला जायचं का?" दहा मिनिटांत पंधरा अंगठे येतात. प्रत्यक्षात आठ जण जमतात, साडेआठला निघतात आणि साडेनऊला धरणाच्या भिंतीवर पोहोचतात. समोर अथांग पाणी आणि फार लांब काही काळे ठिपके. फोटो होतात, नाश्ता होतो आणि अकरा वाजता "यंदा पक्षी आलेच नाहीत वाटतं" असं म्हणत मंडळी परततात.

पक्षी आलेले असतात. फक्त ते धरणाच्या भिंतीजवळ नसतात आणि साडेनऊपर्यंत त्यांचा निम्मा दिवस उरकलेला असतो.

ग्रुपची फेरी फसते ती बहुतेक वेळा अशीच. आपण रविवार बघून जागा ठरवतो आणि पक्षी पाणी बघून जागा ठरवतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं नियोजन सोपं होतं.

हे पाहुणे येतात कुठून?

मध्य आशिया, सायबेरिया, मंगोलिया, तिबेट या भागांतून. हिवाळ्यात तिकडचं पाणी गोठतं, खाणं संपतं आणि हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सुमारे ३० देश या वाटेवर आहेत आणि आपला वऱ्हाडही.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतो. ७ हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चक्रांग, लालसरी ही बदकं येतात. धोबी येतात, तुतवार येतात, शेतांवरून खालून तरंगत जाणारे भोवत्ये येतात. ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या तर शेतकऱ्यांना पक्षीमित्रांपेक्षा जास्त ओळखीच्या. त्यांनाच पळसमैना म्हणतात, कारण पळस फुलला की त्या मधासाठी त्यावर तुटून पडतात.

पाणी उतरतं, तसे पक्षी बदलतात

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडचे बहुतेक तलाव आणि धरणं माणसाने बांधलेली आहेत. अमरावतीतले वडाळी आणि छत्री तलाव शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले. आज अमरावतीला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी येतं आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून. याशिवाय सिंचनाचे लहान-मध्यम प्रकल्प आहेतच. पावसाळ्यात हे सगळे भरतात आणि रब्बीचं पाणी सुटायला लागलं की हळूहळू उतरतात.

या उतरण्यावर पक्ष्यांचं गणित चालतं.

तलाव काठोकाठ भरलेला असतो तेव्हा पाणी खोल असतं आणि काठ झाडाझुडपांत बुडालेला असतो. अशा वेळी पाण्यात बुडी मारून खाणाऱ्या लालसरीसारख्या बदकांची सोय होते, पण उथळ पाण्यात डोकं खाली, शेपटी वर करून खाणाऱ्या तलवार बदकांना आणि चमच्यासारख्या चोचीने पाणी गाळणाऱ्या थापट्याला ते फार उपयोगाचं नसतं.

पाणी थोडं उतरलं की कडेला उथळ पट्टा तयार होतो आणि ही बदकं तिथे जमतात. ओल्या काठावर हिरवं गवत फुटतं, ते चरायला पट्टकादंब येतात.

पाणी आणखी उतरलं की चिखल उघडा पडतो. चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी. मग शेकाट्या, तुतवार, पाणटिवळे आणि नावातच चिखल असलेला चिखल्या अशा लांब पायांच्या आणि टोकदार चोचींच्या मंडळींचा हंगाम सुरू होतो.

म्हणजे एकच तलाव नोव्हेंबरात, जानेवारीत आणि फेब्रुवारीत तीन वेगळे तलाव असतो. त्यातही एखाद्या वर्षी परतीचा पाऊस जोरात झाला तर हे सगळं महिनाभर पुढे सरकतं. म्हणूनच मागच्या वर्षीची तारीख यंदा जशीच्या तशी चालत नाही.

पाणी किती आहे हे कळायला जावंच लागतं असंही नाही. मोठ्या धरणांच्या साठ्याची टक्केवारी जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो. लहान तलावांसाठी मात्र दोन जणांनी तीन-चार दिवस आधी दुचाकीवर जाऊन यावं. या एका चकरेत पाणी, रस्ता आणि उभं राहण्याची जागा असं तिन्ही कळतं.

हंगामाच्या चार फेऱ्या

एकच मोठी सहल काढण्यापेक्षा चार लहान फेऱ्या आखा.

पहिली, नोव्हेंबरात. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासन २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतं. ही फेरी नवख्यांसाठी ठेवा. गावातलाच किंवा गावालगतचा तलाव, फक्त दोन तास. इथे स्थानिक पक्षी ओळखायला शिका. चोचीच्या टोकाशी पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक, पांढऱ्या कपाळाचा काळा वारकरी, पाणवनस्पतींवरून चालणारा कमळपक्षी. घरचे ओळखता आले की पाहुणे आपोआप वेगळे दिसतात.

दुसरी, डिसेंबरच्या मध्यात. अमरावतीकरांसाठी केकतपूर किंवा मालखेडसारखा तलाव, अकोलेकरांसाठी पातूर रोडवरचा कापशी तलाव. लहान तलावावर पक्षी फार लांब जाऊ शकत नाहीत, त्यामुळे साध्या दुर्बिणीतूनही बदकं नीट दिसतात.

तिसरी, जानेवारीत. आता मोठं पाणी, म्हणजे अप्पर वर्धा किंवा काटेपूर्णा. काटेपूर्णा जलाशयाचा परिसर अभयारण्यात येतो, तेव्हा प्रवेशाची परवानगी आणि वेळ वन विभागाकडून आधीच ठरवून घ्या. आठ-दहा जण घेऊन गेटवर जाऊन विनवण्या करण्यात सकाळ वाया जाते.

चौथी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. चिखल उघडा पडलेले तलाव, पळसावरच्या भोरड्या आणि परतीच्या तयारीतले थवे.

आणि मेळघाट? तो या यादीत घुसवू नका. तिथला मानकरी रानपिंगळा हा सागाच्या जंगलातला, दिवसाही वावरणारा छोटा घुबड. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता, नामशेष झाला असंच मानलं जात होतं. १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं समोर आलं. पण जंगलातलं निरीक्षण आणि पाणथळीवरचं निरीक्षण यांची वेळ, माणसं, परवानग्या सगळंच वेगळं. "सकाळी धरण, दुपारी मेळघाट" असा बेत केला की दिवसभर फक्त परतवाड्याचा रस्ता बघायला मिळतो.

भिंतीवर नाही, शेपटीला

धरणाची भिंत म्हणजे पाण्याची सर्वांत खोल बाजू. पक्ष्यांना हवा असतो उथळपणा आणि तो असतो विरुद्ध टोकाला, जिथे नदी-नाले जलाशयात शिरतात. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा, निळं पाणी जिथे बोटांसारखं जमिनीत शिरलंय ती टोकं बघा. तिथे जायचं.

दुसरी गोष्ट उजेडाची. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे आपण पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. उलट उभे राहिलात तर चक्रवाकाचा केशरी रंगही काळाच दिसेल.

तिसरी गोष्ट मातीची. आपली काळी माती. डिसेंबरात अवकाळी सरी पडल्या तर तलावाकाठच्या पांदणीत गाडी हमखास फसते. गाडी डांबरी रस्त्यावर सोडून चालायची तयारी ठेवा.

चौथी गोष्ट शेतकऱ्यांची. पाणी उतरतं तसं धरणाच्या पोटातल्या जमिनीवर गाळपेर होते. तुम्हाला जो मोकळा काठ वाटतो तो कुणाचा तरी हरभरा असू शकतो. बांधावरून चला, विचारून पुढे जा, घाटे तोडू नका. रानडुकरांसाठी लावलेल्या तारांच्या कुंपणाला हात लावू नका, त्यात वीज असू शकते. आणि मासेमारांशी दोन शब्द बोला. कुठला थवा कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

किती जण, किती वाजता, काय सोबत

एका जाणत्या माणसामागे आठ ते दहा जण पुरे. वीस आले तर दोन तुकड्या करा आणि दोन वेगळ्या काठांवर पाठवा.

जानेवारीत अमरावती-अकोल्यात सूर्य सातच्या जरासा आधी उगवतो. त्या वेळी तुम्ही काठावर हवेत, म्हणजे तासाभराच्या अंतरासाठी घरून साडेपाचला निघायचं. त्या वेळी गिलावड्याची गाडी लागलेली नसते, तेव्हा चहाचा थर्मास आणि डबा घरून घ्या. साडेनऊ-दहानंतर ऊन चढतं, पाण्यावर हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीत सगळं अस्पष्ट दिसतं. तेव्हा आटोपतं घ्या.

दुर्बीण ८×४२ ची नवख्यांसाठी उत्तम. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. दोघांत एक दुर्बीण चालेल. मोठ्या धरणावर मात्र तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप एखादा तरी मिळवा. कपडे मातकट किंवा शेवाळी, पांढरे-लाल नकोत.

तलावाकाठी स्वच्छतागृह नसतं. येता-जाता कुठे थांबायचं हे आधी ठरवून ग्रुपवर सांगा. हे सांगितलेलं नसतं म्हणून अनेक महिला येणंच टाळतात.

हुरडा पार्टी जोडायची असेल तर पक्षी बघून झाल्यावर आणि तलावापासून लांब. स्पीकर लावलेल्या हुरड्याशेजारी बदकं बसत नाहीत.

थवा उडाला तर बिघडलं काय?

उडणाऱ्या थव्याचा रील छान येतो, हे खरं. पण थोडा हिशेब करा. हा पक्षी हजारो किलोमीटर उडून आलाय आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवढाच परत जाणार आहे. त्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी आणि ती तो इथे, या चिखलात आणि गवतात खाऊन साठवतो. तुम्ही उडवलंत की खाणं थांबतं आणि साठवलेलं खर्च होतं. एका रविवारी चार ग्रुप आले आणि प्रत्येकाने दोनदा उडवलं, तर त्याची ती सकाळ उपाशी गेली.

खूण सोपी आहे. खाणारे पक्षी माना वर करून तुमच्याकडे बघू लागले की थांबा. तरी ते सरकू लागले की चार पावलं मागे या. ड्रोन नको. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं नको. रानपिंगळ्यासारख्या दुर्मीळ पक्ष्याचं किंवा कुठल्याही घरट्याचं नेमकं ठिकाण पोस्टमध्ये टाकू नका. फोटो टाका, जिल्हा लिहा, पुरे.

मोजा, कारण आकडा टिकतो

प्रत्येक फेरीत एक जण लिहिणारा ठेवा. तारीख, वेळ, पाण्याची स्थिती, पक्षी आणि संख्या. मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा किती जागा व्यापतो ते डोळ्यांत धरा आणि तसे किती तुकडे आहेत ते मोजा. यादी ई-बर्डवर टाका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालू असलेल्या या गणनेत भारतातल्या कामाशी बीएनएचएस जोडलेली आहे. फेब्रुवारीत चार दिवसांचा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. तुमची तिसरी आणि चौथी फेरी या तारखांना जुळवली की वेगळं काही करावं लागत नाही.

याने होतं काय? एखाद्या पाणथळ जागेला रामसर दर्जा देण्याच्या निकषांपैकी एक म्हणजे तिथे नियमितपणे २० हजार किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असणं. दुसरा म्हणजे एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी किमान १ टक्का पक्षी तिथे असणं. महाराष्ट्रात नाशिकच्या नांदूर मधमेश्वरला हा दर्जा २०२० मध्ये पहिल्यांदा मिळाला आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणारलाही. आपल्या लहान तलावांना असा दर्जा मिळेलच असं नाही. पण उद्या एखाद्या तलावात भराव पडला, तो जलपर्णीने भरला किंवा त्याच्या काठाचं सुशोभीकरण निघालं, तर "इथे पक्षी येतात" या वाक्याला सरकारी टेबलावर वजन नसतं. "गेली पाच वर्षं जानेवारीत इथे इतके पक्षी मोजलेत" याला असतं.

तेव्हा ग्रुपवर पुढचा मेसेज टाकताना रविवार शेवटी लिहा. आधी लिहा, पाणी किती उतरलंय आणि बघून कोण येतंय.