सैनिक घरी येतो तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचे गाव आहे. येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात भरती होत आले आहेत. म्हणून गावाच्या नावातच ‘सैनिक’ हा शब्द आला.

बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. तेव्हा त्यांची मुले शाळेत शिकत असतात. निवृत्तिवेतन केंद्र सरकार देते. पण मुलांचे शिक्षण, नवी नोकरी अशा अडचणींत जवानाने कोणाकडे जावे? त्यासाठी राज्य शासनाचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. असे कार्यालय कोल्हापुरातही आहे. तेथे माजी सैनिकाची नोंद होते व त्याला ओळखपत्र मिळते. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे कामही तेथे होते. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळतात. त्या दिवसानिमित्त जमणारा निधी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वापरतात.

मात्र कागद बरोबर नसले, तर मदत अडते. कधी पत्नीचे नाव कागदांत चुकलेले असते. सैनिकाच्या मृत्यूनंतर ही चूक उघडकीस येते आणि त्या विधवेला हेलपाटे घालावे लागतात. दूरच्या खेड्यातून कोल्हापूरला येण्यात तिचा दिवस मोडतो. शासनाचे कर्मचारी गावोगावी जाऊन कागद तपासू लागले, तर तिचे हाल वाचतील.

तुम्ही मराठी शिकत आहात. शेजारी एखादे माजी सैनिक राहत असतील, तर त्यांना मराठी अर्ज वाचून दाखवा. पत्नीचे नाव सर्व कागदांत सारखेच आहे ना, एवढे जरूर विचारा.