साहेब, किंमत बँकेनंच काढली होती ना?

‘मामा, येत्या रविवारी मोकळा आहेस का? सांताक्रूझला एक जागा बघायला जायचंय. तू बँकेत होतास, तुला भाव कळतो.’

भाचीचा फोन ठेवला आणि हसू आलं. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. घरकर्जाच्या किती फायली हाताखालून गेल्या याची मोजदाद नाही. पण ‘भाव कळतो’ म्हणजे नेमकं काय कळतं, हा प्रश्न माझा मलाच पडलेला आहे, आणि तो पडूनही पंचवीस वर्षं उलटून गेली. का पडला ते ओघात येईलच. आधी जागा बघून येऊ.

सांताक्रूझ पूर्व, वाकोल्याच्या बाजूला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. चाळीसएक वर्षांपूर्वीची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. दोन लहान बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. उजेड चांगला, वारा चांगला, अधूनमधून विमान गेलं की बोलणं थांबवायचं. मालक माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठे. मुलगा पुण्याला, त्याच्याजवळ राहायला जायचं म्हणून घर काढलेलं. मागणी एक कोटी ऐंशी लाखांची.

‘सातशे वीस फुटांचा फ्लॅट आहे काका,’ एजंट मला म्हणाला, ‘पंचवीस हजारांनी पडतोय. वेस्टला या भावात कुणी दारात उभं करणार नाही. आणि आता मेट्रोपण आली.’

जावईबापूंनी मोबाइलवर भागाकार केला. उत्तर बरोबर पंचवीस हजार आलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. भागाकार बरोबर असला की भावही बरोबर असतो, असं शिकलेल्या माणसाला हमखास वाटतं. मी पिशवीतून टेप काढला आणि त्याचं एक टोक भाचीच्या हातात दिलं.

भिंतीपासून भिंतीपर्यंत एकेक खोली मोजली. बेरीज आली चारशे ऐंशी. म्हणजे भाव पंचवीस हजार नव्हे, साडेसदतीस हजार रुपये फूट! उरलेले दोनशे चाळीस फूट कुठे गेले? ते बाहेरच्या भिंतींत होते, जिन्यात होते आणि बरेचसे एजंटच्या तोंडात होते. बिल्टअप, सुपर बिल्टअप ही सगळी त्या फुगवलेल्या फुटांची टोपणनावं. नव्या बांधकामांसाठी २०१६च्या रेरा कायद्यानं याला चाप लावला. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा, तिच्यात आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरायची नाही, अशी व्याख्याच करून दिली. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचं कार्पेट क्षेत्र आणि ताबा देण्याची तारीख बघता येते. पण जुन्या घरांच्या फेरविक्रीत आजही जुनीच भाषा चालते. तिथे आपला टेप हाच आपला कायदा.

पहिली पायरी झाली. दुसरी अशी, की शेजाऱ्यानं काय दिलं ते पाहायचं.

भाजी घेताना आपण चार गाड्यांवर भाव विचारतो. घर घेताना मात्र एजंटला विचारतो, आणि तो ‘सध्या काय रेट चाललाय’ ते सांगतो. खरं तर प्रत्येक नोंदणीकृत व्यवहाराची नोंद सरकारकडे असते. तिला म्हणतात इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती कुणालाही शोधता येते. तिच्यात ‘मोबदला’ असा एक रकाना असतो आणि ‘बाजारभाव’ असा दुसरा. मोबदला म्हणजे करारात लिहिलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे सरकारच्या दरतक्त्यानुसार, आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यानुसार, निघणारा आकडा. नाव बाजारभाव असलं तरी तो बाजारातला भाव नव्हे. दोहोंपैकी जो आकडा मोठा, त्यावर मुद्रांक शुल्क लागतं, एवढंच त्याचं काम.

भाचीनं दोन संध्याकाळी बसून त्याच गल्लीतल्या, तशाच वयाच्या इमारतींमधले गेल्या दोन वर्षांतले पाच व्यवहार शोधून काढले. सगळे कार्पेटवर आणून भाव काढला, तर तो एकतीस ते चौतीस हजारांच्या मधे बसला. रोखीचा भाग अजूनही कुठे कुठे असतो आणि तो कागदावर येत नाही, म्हणून एकाच व्यवहारावर विसंबू नये. पण पाच व्यवहार एकच गोष्ट सांगत असतील तर ऐकावं. चौतीस हजार धरले तरी आमचं घर एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या वर जात नव्हतं.

मग वरचे सतरा लाख कसले? ते तिसऱ्या पायरीवर कळलं.

मी भाचीला म्हटलं, ‘याच इमारतीत भाड्यानं जागा मागितली तर काय पडेल, ते विचार.’ उत्तर आलं, बेचाळीस हजार. वर्षातले अकरा महिने भाडं आलं असं धरा, सोसायटीची देणी वजा करा. मालकाच्या हाती चार लाखांच्या आसपास उरतात. एक कोटी ऐंशी लाखांवर चार लाख म्हणजे सव्वादोन टक्के. बँकेची मुदत ठेव याच्या दुपटीहून जास्त देते. मुंबईत हे असंच असतं म्हणून सोडून देता येईल. पण भाडं एक गोष्ट फार प्रामाणिकपणे सांगतं. ते आजच्या घराचं मोल सांगतं. २०२४च्या ऑक्टोबरात सांताक्रूझला भुयारी मेट्रोचं स्टेशन सुरू झालं, त्याची सोय भाडेकरूलाही मिळते, म्हणून ती भाड्यात उतरते. शाळा, बाजार, स्टेशन, सगळं भाड्यात येतं. सोय भाड्यात दिसते. स्वप्न फक्त किमतीत दिसतं.

आणि इथलं स्वप्न होतं पुनर्विकासाचं. ‘बिल्डिंग दोनचार वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, मोठी जागा मिळणार,’ एजंटनं दोनदा सांगितलं होतं. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? नाही. अभिहस्तांतरण, म्हणजे आपलं कन्व्हेयन्स, अजून बाकीच. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर सोसायटीला ते परस्पर करून घेता यावं म्हणून २००८मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली; पण इथे कुणी कागदच हलवले नव्हते. त्यातून विमानतळ शेजारी. विमानांच्या मार्गातल्या इमारतींच्या उंचीला मर्यादा असते, आणि सांताक्रूझ-पार्ल्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींचा पुनर्विकास त्यामुळेच अडून बसला आहे. चार मजल्यांच्या जागी वीस मजले चढवता येत नसतील तर बिल्डर कशाच्या जोरावर मोठी जागा देणार? स्वप्न पाहू नये असं नाही. पण त्याचे पैसे आगाऊ मोजू नयेत.

जाता जाता दोन कानगोष्टी. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला ओसी म्हणतात, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावं, ‘सव्वीस जुलैला पाणी कुठवर आलं होतं?’ २००५च्या त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेनं ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

परतताना चहाला थांबलो. मी हे सगळं सांगितल्यावर जावईबापू शांतपणे म्हणाले, ‘मामा, एवढं कशाला? बँकेचा व्हॅल्युअर येणारच आहे. किंमत जास्त असेल तर बँकच कर्ज नाकारेल.’

मी कप खाली ठेवला आणि त्या दोघांना १९९५ सालची गोष्ट सांगितली.

तेव्हा मुंबईत जागांचे भाव शिगेला पोचले होते. ते कधी उतरतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, माझ्याही नव्हतं. एक जोडपं माझ्याकडे आलं. तो खासगी कंपनीत, ती शिक्षिका. उपनगरातला आठ लाखांचा फ्लॅट. आमच्या पॅनेलवरच्या मूल्यमापकाला मी फाइल दिली. फायलीत कराराची प्रत होतीच. चार दिवसांनी त्याचा अहवाल आला, किंमत आठ लाख दहा हजार. त्याचे अहवाल नेहमीच असे कराराच्या आकड्याला खेटून यायचे. का यायचे, ते मला ठाऊक होतं. आकडा आधी दिसला की मोजमाप त्याच्याकडेच चालत जातं. मी सही केली. पाच लाख साठ हजारांचं कर्ज, सोळा टक्के व्याज. उरलेल्या दोन लाख चाळीस हजारांत तिचे दागिनेही होते, हे मला नंतर कळलं.

पुढे भाव उतरू लागले. १९९९मध्ये त्याची कंपनी बंद पडली. हप्ते थकले, घर विकावं लागलं. पाच लाख साठ हजारच आले. आमचं येणं व्याजासकट सव्वापाच लाखांच्या वर होतं, ते पूर्ण वसूल झालं. त्याच्या हाती तीसएक हजार राहिले. शेवटचा कागद घ्यायला तो माझ्यासमोर बसला आणि अजिबात न चिडता म्हणाला, ‘साहेब, किंमत बँकेनंच काढली होती ना?’

मी त्याला नियम सांगितला. मूल्यमापन बँकेच्या तारणासाठी असतं, ग्राहकाला दिलेली ती हमी नव्हे. नियम बरोबर होता. तो ‘बरं’ म्हणाला आणि कागदाची घडी घालून गेला. मात्र इतकी वर्षं ज्या रकमेला मी ‘मार्जिन’ म्हणत आलो, ती काय असते ते मला त्या दिवशी उमगलं. भाव पडला तर आधी कुणाचे पैसे बुडायचे, ते त्या शब्दानं ठरतं. किंमत अडीच लाखांनी चुकली होती आणि बँकेचं काहीच बिघडलं नाही; कारण चूक भरून काढायला तिचे दागिने होते.

आजही तेच आहे. पंचाहत्तर लाखांच्या वरच्या घरकर्जाला बँक घराच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर जाऊ शकत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. म्हणजे एक कोटी ऐंशी लाखांच्या घराला कर्ज एक कोटी पस्तीस लाख. आपले पंचेचाळीस लाख. त्यावर मुंबईतलं सहा टक्के मुद्रांक शुल्क दहा लाख ऐंशी हजार (घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे), नोंदणीचे तीस हजार, एजंटचे एक टक्का धरले तरी एक लाख ऐंशी हजार. रंगाचा ब्रश भिंतीला लागायच्या आत अठ्ठावन्न लाख गेले. आठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता धरला तर तो महिन्याला एक लाख तेरा हजारांच्या घरात जातो. शेजारच्या दाराचं भाडं बेचाळीस हजार.

‘मग घरच घेऊ नये का?’ भाचीचा आवाज चढला. ‘पाच वर्षांत तीन घरं बदलली आम्ही. अकरा महिने झाले की मालक सांगतो, मुलाचं लग्न आहे, जागा सोडा. याची किंमत तुझ्या टेपमध्ये येते का?’

नाही येत, हे मी कबूल केलं. आपल्या भिंतीत आपला खिळा ठोकता येण्यालाही मोल आहे, आणि त्यासाठी भाड्यापेक्षा जास्त मोजण्यात वेडेपणा नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते मोल आपण ठरवावं. शेजाऱ्यांनी दिलेला भाव एका बाजूला लिहावा, आपल्याला झेपणारा हप्ता दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंपैकी जो आकडा कमी भरेल तो कागदावर लिहून घरातून निघावं. मालकाच्या सोफ्यावर बसल्यावर आकडे ठरवू नयेत. तिथे उजेड चांगला असतो, वारा चांगला असतो.

भाचीनं कागदावर लिहिलं, एक कोटी बासष्ट लाख. बोलणी झाली. मालक एक कोटी पंचाहत्तरवर येऊन थांबले. माणूस लोभी नव्हता. एजंटनं सांगितलेल्या आकड्याच्या भरवशावर त्यांनी पुण्यात जागा पाहून ठेवली होती. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा घर घेत होतो, तसे तेही पहिल्यांदाच घर विकत होते. आम्ही नमस्कार करून निघालो. रिक्षात भाची खिडकीबाहेर बघत राहिली, एक शब्द बोलली नाही.

परवा तिचा फोन आला. तिनं इंडेक्स टू काढलं होतं. ते घर गेलं, एक कोटी एकाहत्तर लाखांना. ‘नऊ लाखांसाठी गेलं मामा,’ ती म्हणाली. मी मनात हिशेब केला. नऊ लाख म्हणजे हप्त्यात महिना साडेसात हजारांची भर, वीस वर्षांत अठरा लाख. पण तो तिला सांगितला नाही. उद्या भाव आणखी वाढले तर ती मला जन्मभर ऐकवील, आणि ते ऐकून घेण्याची माझी तयारी आहे. भाव चुकलाच असेल तर तो आमचा आम्ही काढलेला होता. कुणाच्या सहीवर विसंबून तिनं पंचेचाळीस लाख लावलेले नाहीत.

येत्या रविवारी आम्ही कलिन्याला एक जागा बघायला जातो आहोत. टेप आता तिच्या पर्समध्ये असतो.