सदाफुली अंगणात हवी, काढ्यात नको

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. कुंड्यांतले गुलाब करपतात. अशा वेळी अंगणाच्या कडेला, फरशीच्या फटीत उगवलेली सदाफुली मात्र गुलाबी-पांढरी फुले घेऊन उभी असते. दुपारी पाने मलूल होतात. ऊन उतरले की पुन्हा टवटवीत.

मूळची मादागास्करची ही बहुवर्षायू वनस्पती आखीव वाफ्यापेक्षा मोकळ्याढाकळ्या परसबागेत रमते. शेंगा तडकल्या की बी आपोआप पसरते. मुद्दाम पेरायचे असेल तर बियांवर मातीचा पातळ थर द्यावा. अंधारात त्या चांगल्या रुजतात. तिचा खरा शत्रू ऊन नव्हे, साचलेले पाणी. खानदेशातली काळी माती ओल धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून मातीत वाळू व शेणखत मिसळावे, रोप उंचवट्यावर लावावे आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. शेंडे खुडले की फुटवे वाढतात. पाने कडू असल्याने शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत.

या कडवटपणातच औषध आहे आणि धोकाही. जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा चहा घेत. त्यावरून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. पाने पोटात देऊन साखर उतरली नाही. अर्क टोचल्यावर मात्र पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्यातूनच १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले, पुढे व्हिन्क्रिस्टिन. पेशींचे विभाजन रोखणारी ही द्रव्ये आज कर्करोगावर वापरतात; लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन महत्त्वाचे ठरते. पण ती मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून आणि रक्त तपासत दिली जातात.

घरी मात्र 'साखरेवर रोज चार पाने चावा' असा सल्ला सर्रास मिळतो. कोणत्या पानात कोणते द्रव्य किती, हे घरी कळत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर साखर अचानक घसरून चक्कर, घाम, बेशुद्धी येऊ शकते. मळमळ, हातापायांना मुंग्या, पांढऱ्या पेशी घटणे, हेही या द्रव्यांचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. गर्भवतींनी तर ती पोटात घेऊच नये. पाने आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा आणि गोळ्या परस्पर बंद करू नका.