सायकल, बस आणि आपली प्रतिष्ठा

चौदा एप्रिलच्या एका कार्यक्रमाहून मी निघालो होतो. सभागृहाबाहेर सायकलचे कुलूप काढत असताना माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने सर्वांसमक्ष विचारले, "सर, बाबासाहेबांनी आपल्याला सूट घालायला शिकवले आणि तुम्ही अजून सायकलच रेटता?" मंडळी हसली, मीही हसलो. लगेच त्याने मला आपल्या मोटारीतून घरी सोडण्याची तयारी दाखवली. त्यात त्याचा प्रेमळपणाच होता. परंतु त्याच्या प्रश्नामागचे गृहीत मला त्या रात्री झोपू देईना. मोटार म्हणजे प्रगती, बस म्हणजे नाइलाज आणि सायकल म्हणजे दारिद्र्य, हे ते गृहीत. आपल्या शिकलेल्या वर्गात ते इतके मुरले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही.

माझा सहकारी सर्वस्वी चुकीचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. वाहनाचा आणि जातीचा संबंध आपल्याला कुणी शिकवायला नको. माझा बाप 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघाला आणि पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणीवर आला. गावी असताना त्याला दुसऱ्याची सायकल कधीमधी मिळे. पण गावाची वेस आली की तो खाली उतरे आणि सायकल हातात धरून चावडीसमोरून चालत जाई. तसे लिहिलेला कायदा नव्हता, त्याची गरजही नव्हती. देशाच्या काही भागांत सवर्णांच्या आळीतून दलिताने सायकलवर बसून जाऊ नये ही रीत अगदी अलीकडेपर्यंत नोंदली गेली आहे. घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला आजही मार खावा लागतो. तेव्हा ज्याला सायकलवरही बसू दिले नाही त्याचा मुलगा मोटारीत बसला, तर त्याला चैनखोर म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? निदान मला तरी नाही.

पण बाबासाहेबांचेच नाव निघाले आहे, तर त्यांनी प्रवासाबद्दल स्वतः काय लिहून ठेवले आहे तेही पाहू. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत दोन प्रसंग आहेत. पहिला 1901 चा. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. आगगाडीने त्यांना तिथवर आणले होते, तिकीट काढले होते, डब्यातून त्यांना कुणी उतरवले नव्हते. अडचण सुरू झाली ती स्टेशनाबाहेर. ही महाराची मुले आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला. तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. दुसरा प्रसंग 1929 चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते. तरीही टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. पाहुण्याने पायी जावे हे वस्तीतल्या आपल्या माणसांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकाला पुढे बसवले. एका मोटारीवर आदळता आदळता टांगा वाचला. पण मोरीवर अपघात झालाच, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. पाहुण्याच्या जिवापेक्षा त्याचा मान आपल्या माणसांना मोठा वाटला, हे त्यांनी पुढे कसलाही राग न धरता नोंदवले आहे.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक फरक दिसतो. खाजगी गाडीवाला नकार देऊ शकत होता. आगगाडी देऊ शकत नव्हती. रेल्वेतली माणसे जात पाळत नव्हती असे नव्हे, मसूरचा स्टेशनमास्तरसुद्धा मुलांची जात कळताच मागे सरला होता. पण तिकिटाला जात नव्हती. सार्वजनिक वाहतुकीचा हा अर्थ आपल्या चळवळीने हाती घ्यायला हवा होता. अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या जनतेने तो घेतला. डिसेंबर 1955 पासून 381 दिवस ती माणसे बसमध्ये चढली नाहीत. कामाला पायी गेली, एकमेकांच्या गाड्यांतून गेली. प्रत्येकाला स्वतःची मोटार मिळावी हा त्यांच्या लढ्याचा मुद्दाच नव्हता. सार्वजनिक बसमधली जागा आपल्या हक्काची आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता आपल्या शहराकडे वळू. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये मांडली आणि 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. शहर उपनगरांच्या माळेसारखे असावे, प्रत्येक उपनगराला स्टेशन असावे, माणसाला घर, काम आणि बाजार जवळ मिळावेत, असा तो विचार होता. कागदावर पाहिले तर पायी चालणाऱ्याचे आणि बसने जाणाऱ्याचेच हे शहर. प्रत्यक्षात काय घडले ते दोन तारखा सांगतात. वाशीच्या खाडीवर मोटारींचा पूल 1973 मध्ये झाला. रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली ती मे 1992 मध्ये. मधली एकोणीस वर्षे ज्याच्याकडे गाडी नव्हती त्याने कशी काढली हे आमच्या पिढीला विचारावे. सिडकोने सुरू केलेली बीएमटीसी ही बससेवा 1984 मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांना आपल्या देण्यांसाठी पुढे कित्येक वर्षे भांडावे लागले. महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा, जिला आपण एनएमएमटी म्हणतो, ती 1996 मध्ये आली.

आणि 12 जानेवारी 2024 चा दिवस तर मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या एकाच दिवशी सुमारे 22 किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणपर्यंतच्या लोकलचेही. सेतूवर स्कूटरला, रिक्षाला, सायकलला मज्जाव. मोटारीला एका फेरीचा पथकर 250 रुपये. पुढे त्याच्यावरून बेस्टची बस सुरू झाली हे खरे, पण पुलावर तिच्यासाठी वेगळी वाट राखलेली नाही. उरणच्या बाजूला हा पूल ज्या जासई परिसरात उतरतो, तिथेच जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाचजण गेले. त्या भागाने जमीन आधी दिली. लोकल त्याला चाळीस वर्षांनी मिळाली. (ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्या शेतमजुराला आणि कातकऱ्याला साडेबारा टक्क्यांच्या योजनेत काय मिळणार होते? तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

या शहरात सायकल कोण चालवतो? पहाटे वाशीच्या घाऊक बाजाराकडे निघालेला हमाल, बारा तासांची पाळी संपवून परतणारा वॉचमन, इस्त्रीवाला, पाववाला, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला कारखाने आणि डोंगराला टेकलेल्या झोपडपट्ट्या; पश्चिमेला रेल्वे आणि नियोजित वसाहती. या दोहोंच्या मधून भरधाव रस्ता. त्यावर उड्डाणपूल बांधले गेले ते गाड्या थांबू नयेत म्हणून. दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीतून स्टेशन गाठणाऱ्या बाईने तो रस्ता कसा ओलांडावा, हा प्रश्न नेहमी मागाहून येतो.

2011 च्या जनगणनेने शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगार कामावर कसे जातात हे विचारले होते. देशभरात मोटार, जीप, व्हॅनने जाणारे शंभरात तीनसुद्धा भरले नाहीत. पायी आणि सायकलने जाणारे मिळून पस्तीसच्या घरात होते. तेव्हा सायकल-बस हा मोटारीला 'पर्याय' आहे असे जे बोलले जाते ते मुळातच उलटे आहे. बहुसंख्यांचे चालणे हीच रीत, मोटार हा अपवाद. आणि रस्ता मात्र अपवादाच्या मापाने बांधलेला. वाहतूकशास्त्रात नेहमी एक हिशेब दिला जातो: साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला मोटारीने साधारण 2,000 माणसे जातात, बसने 9,000 आणि सायकलवरून 14,000. केंद्र सरकारच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणानेही वाहने नव्हे, माणसे हलली पाहिजेत हे तत्त्व मान्य केले आहे. मान्य करण्यात आपले राज्यकर्ते कधीच कमी पडत नाहीत.

सायकलचे दुसरे एक जग पाम बीच रस्त्यावर पहाटे दिसते. हेल्मेट, घट्ट कपडे, लाखाच्या घरातली सायकल. त्यांची चेष्टा करण्याचा मोह मलाही झाला आहे. पण फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच रस्त्यावर एका बहुराष्ट्रीय कंपनीचे माजी प्रमुख सायकल चालवत असताना टॅक्सीने धडक देऊन मारले गेले. वृत्तपत्रांनी त्यांच्या कर्तृत्वाबद्दल लिहिले आणि ते योग्यच होते. त्याच रस्त्याच्या कडेने वॉचमनही जातो. त्याला उडवले तर दोन ओळींची बातमी येते, तीही आली तर. मात्र दोघांनाही वाचवणारा सायकलचा पट्टा एकच आहे. म्हणून त्या पहाटेच्या मंडळींशी आपण बोलले पाहिजे. नाहीतर पट्टा फक्त रविवारच्या फेरफटक्यासाठी, तलावाभोवती आखला जाईल.

स्त्रियांची गोष्ट मी शेवटी ठेवली, ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत सायकल शिकवणे हा अभ्यासाचाच भाग केला गेला. पी. साईनाथ यांनी तिथून लिहिले आहे: शेतमजूर बाया, खाणीवरच्या बाया, लाखाच्या आसपास स्त्रिया सायकल शिकल्या. टिंगल झाली, घाणेरडे शेरे ऐकावे लागले. त्या थांबल्या नाहीत, कारण आता बसची आणि नवऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. आपल्या महिला मंडळांनी वस्त्यांतून असा एखादा वर्ग चालवल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्या आईने खाणीवर दगड फोडले, चार घरची भांडी घासली, आणि आयुष्यभर चालत गेली. बापाने शेवटी जुनी सायकल घेतली तेव्हा ती मागे कॅरिअरवर बसायची. हँडल तिच्या हाती द्यावे असे त्यालाही वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

माझ्या त्या सहकाऱ्याने नंतर एकदा एकांतात मला सांगितले की, गाडी घेतली तेव्हापासून सोसायटीतली माणसे त्याचे आडनाव विचारायचे थांबली. यावर मी काय बोलणार? चाळीसगावचा टांगा आठवला. मी त्याला गाडी विक म्हटले नाही. आम्ही काहीजण एक निवेदन तयार करत होतो. दुसरी पाळी सुटल्यानंतर एमआयडीसीतून स्टेशनकडे बस असावी, स्टेशनच्या दारात सायकलींसाठी राखीव, फुकट आणि पहाऱ्याची जागा असावी, ठाणे-बेलापूर रस्त्यावर वस्त्यांसमोर जमिनीवरूनच ओलांडता येईल असे सिग्नल असावेत. ते मी त्याच्यापुढे धरले. त्याने चष्मा काढून दोनदा वाचले, "सिग्नलला मला थांबावे लागेल ना पण," असे म्हणाला, आणि कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली.